भरावावरचा खो-खो

मंदा कासारेला एका जागी बसवत नसे. हे लहानपणापासूनचे. भिवंडीतल्या कामतघरच्या चाळीत तिची आई शेवंता तिला जेवायला बसवायची, तर एक घास खाऊन ही पोर दारात आणि दुसरा खाऊन मोरीपाशी. वडील वाल्मीक एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. दिवसभर इंजिनांशी झगडून आलेला माणूस, पण घरी आल्यावर म्हणायचा, "त्या गाड्या परवडल्या. त्या निदान डिझेल संपलं की थांबतात."

शाळेत ती खो-खो खेळू लागली. या खेळात पाठलाग करणाऱ्या मुली चौकात उकिडव्या बसून खो मिळायची वाट पाहतात, ते तिला कधी जमले नाही. खो मिळायच्या आधीच ती उठायची आणि फाऊल व्हायचा. बाईंनी मग तिला पाठलागात शेवटी घ्यायचे ठरवले. पळतीला मात्र तिला सोडली, की समोरच्या संघाच्या तोंडचे पाणी पळायचे. खांबाला हात लावून अशी काही वळायची की मागच्या मुलीचा हात हवेतच राही. त्या काळी सुताला खळ देणाऱ्या सायझिंगच्या कारखान्यामागे मोठी मोकळी जागा होती, तिथे हा सगळा खेळ चाले.

पुढे ती शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन आली आणि पंच्याऐंशी साली त्याच शाळेत पी.टी.ची बाई म्हणून लागली. तोवर सायझिंगमागच्या जागेवर लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेड उभ्या राहिल्या होत्या. त्याआधीच्या वर्षी भिवंडीत जी दंगल झाली, त्यानंतर आईबाप मुलींना घराबाहेर फार लांब धाडायला धजत नव्हते. म्हणजे मैदान होते तेही गेले आणि बाहेर जायची वाटही बंद झाली. शाळेला उरले होते एक फरशीचे अंगण, तीन बाजूंनी लूमच्या भिंती आणि चौथ्या बाजूला शाळेची इमारत. भिंतींपलीकडे दिवसभर धडधडाट चाले. मंदा त्या ठेक्यावरच कवायत घ्यायची, कारण तिची शिट्टी कुणाला ऐकूच जायची नाही. शुक्रवारी लूम बंद असत. त्या दिवशी मुलींचे हातपाय चुकायचे.

दहा वर्षे ती मैदान शोधत राहिली. नगरपरिषदेत गेली, देवळाच्या विश्वस्तांकडे गेली, एका भंगारवाल्याकडेसुद्धा जाऊन आली. लुनावर बसायची आणि गावभर हिंडायची. कुठे मोकळी जागा दिसली की उतरून चालून पाहायची. तिचा नवरा रामदास सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होता, शांत डोक्याचा. तो म्हणायचा, "अगं, लोक जागा बघतात घर बांधायला. तू बघतेस पळायला. जरा बूड टेकव." ती हसायची, आणि हसता हसता उठून कपडे वाळत घालायला जायची.

पंच्याण्णवच्या थंडीत पूर्णा गावचे केसरीनाथ केणे तिच्याकडे आले. केणेंची पुतणी कमळ मंदाच्या हाताखाली खेळून राज्याच्या संघापर्यंत गेली होती, त्यामुळे त्या घरात मंदाला मान होता. केणेंनी मुंबईच्या एका भागीदाराबरोबर पूर्ण्याला आंतरराष्ट्रीय शाळा उभारायला घेतली होती. परदेशी अभ्यासक्रम, बसगाड्या, पोहायचा तलाव, सगळे. मान्यता देणारी मंडळी उन्हाळ्याआधी आवार पाहायला येणार होती.

"त्यांच्या आधी तुम्ही एकदा फिरून बघा," केणे म्हणाले. "इमारतीचं इंजिनिअर बघतोय. मला आवार कसं बसलंय ते कळायला पाहिजे. पोरं कुठनं येणार, कुठं खेळणार, कुठं पडणार. आवडलं तर खेळाच्या विभागप्रमुख म्हणून तुम्हीच या. मी उगीच बोलत न्हाय."

त्या रात्री मंदाने इस्त्री केलेल्या साड्या पुन्हा उकलून इस्त्री केल्या.

शनिवारी सकाळची शाळा आटोपून ती पूर्ण्याला गेली. शाळेच्या होऊ घातलेल्या प्राचार्या वर्तक मॅडम तिथे होत्या. पन्नाशीच्या, पायात बूट, हातात गुंडाळलेला नकाशा. तीन मजल्यांचा सांगाडा उभा होता, प्लास्टर व्हायचे होते. पोहण्याच्या तलावाचा खड्डा खणलेला आणि त्यात गवंडी दुपारची भाकर सोडून बसलेले. मॅडमनी डांबराच्या पिंपावर नकाशा पसरला आणि वर चार विटा ठेवल्या.

मंदाने नकाशा पाहिला आणि तिच्या डोक्यात एकदम दहा गोष्टी उभ्या राहिल्या. तिने बोलायला सुरुवात केली. बास्केटबॉलचे कोर्ट पूर्व-पश्चिम आखले होते, संध्याकाळचे ऊन मुलांच्या थेट डोळ्यांत जाणार.

"हो, ते बदललंय," वर्तक मॅडम म्हणाल्या. "हा नकाशा जुना आहे. या, दाखवते." आणि खरेच, जागेवर खुंट्या उत्तर-दक्षिण ठोकलेल्या होत्या.

बालवर्गाची घसरगुंडी बसगाड्यांच्या वाटेला लागून होती. मॅडमनी मान डोलावली आणि नकाशावर पेन्सिलीने खूण केली. जिन्याच्या कठड्यात लहान मुलाचे डोके अडकेल एवढी फट होती, त्याचीही खूण केली. मंदाला हुरूप आला. ती पुढे पुढे चालू लागली, मॅडम मागून. सगळ्यात पुढे, रस्त्याच्या अंगाला, लांबरुंद हिरवळ आणि मध्ये कारंजे असे आखले होते, आणि खेळाचे मैदान पार मागे, स्वयंपाकघराच्याही पलीकडे.

"हे मला पटत नाही," मंदा म्हणाली. "शोभेचं पुढे आणि खेळाचं मागे. मुलांनी आल्या आल्या मैदान बघायला पाहिजे. हिरवळ मागे न्या, मैदान इथे आणा."

तिचा आवाज थोडा चढला होता. वर्तक मॅडमनी वाद घातला नाही. "इथे जरा उभ्या राहा," एवढेच म्हणाल्या.

दोघी कारंज्याच्या खड्ड्यापाशी उभ्या राहिल्या. रस्त्यावरून मालाचे ट्रक जात होते, एकामागून एक. प्रत्येकामागून धुळीचा लोट उठायचा आणि वारा तो थेट आत आणायचा. थोड्या वेळाने मंदाच्या दातांखाली माती करकरू लागली.

"पळणारं मूल किती श्वास घेतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत," मॅडम म्हणाल्या.

मंदाने पदराने तोंड पुसले. "माझं चुकलं," ती म्हणाली. "मैदान मागेच हवं." आपण रागारागात बोललो आणि तो राग या बाईंवरचा नव्हताच, हे तिचे तिला कळले. कशावरचा होता ते मात्र नीट सांगता आले नसते.

मग त्या मागे गेल्या. स्वयंपाकघराचा कोपरा वळल्या आणि मंदा थांबली.

भाताची चार-पाच शेते एक करून, त्यावर मुरूम टाकून रोलर फिरवला होता. तांबूस, सपाट, कुठे दगड नाही की खांब नाही. पलीकडच्या टोकाला कुंपणाची भिंत होती, पण ती इतकी लांब की तिच्यावर बसलेले कावळे माश्यांएवढे दिसत होते. लूमचा आवाज नव्हता. इतक्या शांततेत मंदाला आपले कान बधिर झाल्यासारखे वाटले.

काय वाटले कोण जाणे, तिने चपला काढल्या, पदर खोचला आणि पळत सुटली. वय तेहतीस, अंगात पाचवारी साडी, बघायला शाळेच्या प्राचार्या आणि गवंडी. पहिल्यांदा जरा लाजून पळाली, मग लाज मागे राहिली. भिंतीपर्यंत गेली, भिंतीला हात लावला, वळली, आडवी पळाली. दुसऱ्या टोकाला पोचली तेव्हा छातीचा भाता झाला होता.

तिथे बांधाच्या उरलेल्या तुकड्यावर एक म्हातारी म्हशीसाठी गवत कापत बसली होती. केणेंची चुलती ठमाबाई. ही शेते तिच्याच वाट्याची होती.

"कोनाची गो तू बाय?" ठमाबाईने विचारले. "आन पलतेस कशाला? मागं कोन न्हाय लागलेला."

"मैदान बघतेय, आजी. कसं आहे ते."

"पलून कलतं व्हय?" म्हातारीने विळा थांबवला. "इथं थंडीला वाल व्हायचा. आता केसरीनाथ बोलतो पोरं व्हतील." ती हसली. "आमच्या गावची न्हाय, बसमदनं येनारी. आमची पोरं भितीवरनं बगतील."

मंदाने भिंतीकडे पाहिले. गावाच्या बाजूला सलग भिंत होती. फाटक एकच, ट्रकच्या रस्त्यावरचे.

केणेंना तिने आपले म्हणणे तोंडीच सांगितले. घसरगुंडी हलवा, कठडे बदला, मुलींची कपडे बदलायची खोली मैदानाजवळ घ्या. आवार उत्तम आहे, मी असे मैदान कुठे पाहिले नाही. आणि एक. गावाच्या बाजूला लहान फाटक ठेवा. म्हणजे सुट्टीच्या दिवशी, शाळा बंद असताना, बाहेरची मुले इमारतीकडे न जाता परस्पर मैदानात येतील. पूर्ण्याची येतील, कामतघरची मी आणीन.

केणेंनी खूप वेळ कानशील खाजवले. "बाकी सगळं होईल," ते म्हणाले. "फाटक न्हाय होणार. मान्यतावाले आधी तेच विचारतील, कुंपण सलग हाय का. आणि बाई, मी आज हो बोलीन, उद्या पालक येऊन मला धरतील. खोटं कशाला सांगू."

वर्तक मॅडम खिडकीबाहेर पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "मीसुद्धा फाटक नकोच म्हणेन. मुलांची जबाबदारी माझ्यावर आहे." मग म्हणाल्या, "पण जूनपर्यंत इथे शाळा नाही. मान्यतेची मंडळी येऊन गेली की मैदान रिकामंच आहे."

केणे लगेच म्हणाले, "ते चालेल. जूनपर्यंत आणा तुमच्या पोरी. आणि जूनमध्ये तुम्ही या."

घरी रामदासने सगळे ऐकून घेतले. "अगं, मग अडलं कुठं?" तो म्हणाला. "दहा वर्षं जे शोधतेस ते माणूस दारात घेऊन आलाय. हो म्हण आणि झोप."

"हो म्हणणारच आहे," मंदा म्हणाली. आणि झोप मात्र आली नाही. त्या महिन्यांत तिची तगमग पाहून शेवंता तिला म्हणाली, "तुला नको असलं की तू फिरतेस, आणि हवं असलं की जास्त फिरतेस." वर्गात ती मुलींकडे पाहायची आणि नजर चुकवायची.

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या. रामदासच्या ओळखीचा अनंता कापडाचे तागे वाहणारा टेम्पो चालवायचा. सकाळी त्याचा टेम्पो रिकामा पूर्ण्याकडे जायचा. मंदा स्वतः बरोबर असल्याने आईबापांनीही हरकत घेतली नाही, आणि त्यात बसून मुली निघाल्या. लूमवाल्यांच्या, हमालांच्या, रिक्षावाल्यांच्या पोरी, तेलंगणातून आलेल्या, आझमगढहून आलेल्या, इथल्याच. मैदान दिसल्यावर कुणी ओरडले नाही. सगळ्या भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या.

मंदाने त्यांना टोकापर्यंत पळायला सांगितले आणि शिट्टी वाजवली. मुली सुटल्या. आणि थोडे अंतर जाऊन सगळ्याच्या सगळ्या थांबल्या, वळल्या आणि परत आल्या.

मंदाला आधी कळेना. तिने पुन्हा शिट्टी वाजवली. पुन्हा तेच. त्यांचे पाय शाळेच्या अंगणाएवढे पळत आणि तिथे आपोआप वळत. नूरजहाँ नावाची एक सडसडीत मुलगी होती, संघातली सगळ्यात चपळ. ती धापा टाकत आली आणि तिने विचारले, "बाई, रुकनेका किधर?"

"मत रुको," मंदा म्हणाली. "जब तक मैं सीटी नहीं बजाती, मत रुको." आणि ती स्वतः त्यांच्याबरोबर पळाली, त्या वळायच्या जागेच्या पुढे, पार भिंतीपर्यंत.

दोन महिने मुली रोज आल्या. पायांना पल्ला आला. उन्हाने रापल्या, पोटऱ्या भरल्या. पळतीला लांब झोका घेऊन खांब गाठू लागल्या. ठमाबाई भिंतीच्या सावलीला बसून बघायची आणि कुणी बाद झाले की आपल्याआपण हळहळायची. मान्यतेची मंडळी मार्चमध्येच येऊन गेली होती, मान्यता मिळाली होती. मंदाने केणेंना होकार कळवला. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला, मुख्याध्यापकांना द्यायचा तेवढा राहिला होता.

जूनमध्ये कामतघरची शाळा उघडली त्याच आठवड्यात पी.टी.च्या तासाला मुली अंगणात उतरल्या. मंदाने रोजच्यासारखी पकडापकडी लावली. नूरजहाँच्या मागे एक मुलगी लागली आणि नूरजहाँ सुटली, जशी पूर्ण्याच्या मैदानावर सुटायची तशी. ती वळलीच नाही. लूमच्या भिंतीवर पूर्ण वेगाने आदळली. हात पुढे केला होता म्हणून तोंड वाचले, मनगट मोडले.

मंदाने तिला उचलून रिक्षात घातले. दवाखान्यात रामदासनेच प्लास्टर कालवले. नूरजहाँचे वडील शिफ्ट सोडून आले, केसांत सुताचे तूस तसेच. त्यांनी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मंदाला म्हणाले, "बाई, उस आँगन में तो ये चार साल से खेल रही है. पहले कभी नहीं गिरी." त्यात तक्रार नव्हती. त्यांना खरेच समजत नव्हते.

मंदाला समजत होते. तिने मुलींच्या पायांना भिंत विसरायला शिकवले होते आणि पुन्हा भिंतीत आणून सोडले होते. आता त्यांना तिथेच ठेवून आपण त्या मैदानावर जायचे. दवाखान्याच्या व्हरांड्यात ती इकडून तिकडे फेऱ्या घालत राहिली, शेवटी नर्सने तिला हटकले.

दुसऱ्या दिवशी ती पूर्ण्याला गेली. मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा आखल्या होत्या, गोल धावपट्टी, मध्ये फुटबॉलचे गोल. सगळे इतके नेटके होते की तिला बघवेना. केणेंसमोर उभी राहून तिने सांगितले की मी येत नाही.

केणे चिडले. चिडायला कारणही होते, त्यांनी दुसरे कुणी पाहिले नव्हते. "मग दोन महिने काय खेळ चालला होता?" ते म्हणाले.

"तुम्हाला अडचणीत टाकलं, ते मला कळतंय," मंदा म्हणाली. "पण मला जमणार नाही. आणि आणखी एक विचारायचंय. दुसरी कुठे जागा आहे का?"

केणे तिच्याकडे बघतच राहिले. त्यांना हसू आवरेना आणि राग तर गेला नव्हता. मग त्यांनी खिडकीतून हात केला. रस्त्यापलीकडे गोदामांसाठी शेते भरायचे काम चालू होते. "तो तुकडा बघा. भराव टाकून झालाय. पावसाळाभर बसू देतात, दिवाळीनंतर बांधकाम काढतात. तोवर तिथं कुणी जात न्हाय. मालक माझा साडू हाय, सांगतो त्याला. चिखल तुमचा तुम्ही बघा."

तिथून ते सुरू झाले. पूर्णा, राहनाळ, वळ, काल्हेर, सगळीकडे भाताची शेते भरावाखाली जात होती आणि त्यावर गोदामे उभी राहत होती. भराव टाकल्यापासून पाया खणेपर्यंत जो काही काळ जाई, तेवढा काळ ती जागा मंदाच्या मुलींची. एक गोदाम उभे राहिले की दुसरा तुकडा. मंदाची लुना सदान्‌कदा त्या रस्त्यांवर. तुकडा हेरायचा, मालक शोधायचा, हातापाया पडायचे. काही मालक हाकलून देत. काही नुसतेच हसत आणि हो म्हणत. कधी सकाळी मुलींना घेऊन जावे तर रात्रीत तिथे खड्डे खणलेले असत, मग टेम्पो तसाच पुढे.

रामदास पुष्कळ दिवस तिच्याशी धड बोलला नाही. त्याचा राग नवी नोकरी नाकारल्याचा नव्हता, त्याला विचारले नाही याचा होता, आणि ते त्याने सांगेपर्यंत मंदाच्या लक्षात आले नव्हते. पूर्ण्याच्या शाळेत त्या पदावर पुण्याचा एक तरुण आला. कामाला चांगला होता. रस्त्याने जाताना मंदा कधीमधी लुनाचा वेग कमी करी, भिंतीवरून चेंडू उडालेला दिसे. तिला वाईट वाटत नसे असे नाही. एकदा घरी येऊन ती कारण नसताना रडली होती.

सत्त्याण्णव साली जिल्ह्याच्या स्पर्धेत कामतघरचा संघ पहिल्या फेरीत बाद झाला. पुढच्या वर्षी उपान्त्य सामन्यापर्यंत गेला आणि एका गुणाने हरला. नूरजहाँची जिल्ह्याच्या संघात निवड झाली, तेव्हा तिच्या वडिलांनी मंदाच्या घरी स्वतः विणलेल्या कापडाचा तुकडा आणून दिला आणि चहा न घेताच गेले.

नव्याण्णवच्या आषाढात काल्हेरचा एक तुकडा मिळाला. पाऊस चार दिवस उघडला होता. भराव नुकताच टाकलेला, अजून रोलर फिरला नव्हता. पाय टाकला की घोट्यापर्यंत आत जाई. मुली काठावर चपला हातात घेऊन उभ्या राहिल्या. अनंता टेम्पोतून म्हणाला, "बाई, आज न्हाय जमायचं. माघारी चला."

मंदाने साडी वर खोचली आणि मुलींना एका रांगेत, हातात हात घालून उभे केले. "पळायचं नाही," ती म्हणाली. "चालायचं. टाच दाबून, माती बसवत. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग एक पाऊल बाजूला सरकून परत."

रांग निघाली. मधल्या मुली रुतल्या की कडेच्या त्यांना ओढून घेत. थोड्या वेळाने रामदासची सायकल रस्त्यावर येऊन थांबली. तो मुलींसाठी मलमपट्टीची पेटी घेऊन आला होता. त्याने पेटी टेम्पोत ठेवली, पँट दुमडली आणि रांगेच्या टोकाला जाऊन शेवटच्या मुलीचा हात धरला.